चितारआळीतला लॉफ्ट आणि छपराचा धनी

बँकांच्या गृहकर्जासाठी घरांचे मूल्यांकन करणे हा माझा व्यवसाय आहे. सिंधुदुर्गात माझ्याकडे येणारी प्रकरणे बहुधा चिऱ्याच्या स्वतंत्र घरांची किंवा नव्या इमारतींतल्या छोट्या सदनिकांची असतात. गेल्या पावसाळ्यात सावंतवाडीहून आलेल्या एका प्रकरणाच्या कागदांत मात्र ‘कलाकारांच्या वस्तीतील लॉफ्ट अपार्टमेंट’ अशी जाहिरात जोडलेली होती आणि पत्ता होता चितारआळीचा. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या आळीतल्या एका जुन्या कारखान्याचा वरचा मजला मालकाने राहण्याजोगा करून विकायला काढला होता, आणि मुंबईची नोकरी घरूनच करू लागलेली एक तरुणी तो घेणार होती.

जागा देखणी होती, हे आधी मान्य केले पाहिजे. जांभ्याच्या गिलावा न केलेल्या भिंती, जुन्या फणसाच्या तुळया, छपरात बसवलेली काचेची कौले आणि लोखंडी जिन्याने वर गेल्यावर निजण्यासाठी केलेला माळा. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये असेच असते, असे मालकांनी मला दोनदा सांगितले. एका अर्थाने त्यांचे खरे होते, कारण तिथेही चित्रकार बंद पडलेल्या कारखान्यांत नियम मोडूनच राहू लागले होते आणि शहराने १९७१मध्ये तशी परवानगी दिली तीही कलाकारांपुरतीच. इथे मात्र घरपट्टीच्या उताऱ्यावर वापर अजून बिगरनिवासीच होता.

जाहिरातीत ११०० चौरस फूट लिहिले होते. मी टेप लावला, तेव्हा मुख्य मजला ७३० भरला आणि उरलेले ३७० माळ्याचे निघाले. माळ्याची उंची आढ्याखाली २.३ मीटर आणि वळचणीकडे जेमतेम १.१ होती. राहत्या खोलीला सर्वसाधारणपणे २.७५ मीटर उंची लागते, आणि बांधकामांसाठीच्या राज्याच्या २०२०च्या एकत्रिकृत नियमावलीत लॉफ्ट म्हणजे सामान ठेवण्याची, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची जागा. हा माळा धड इकडचा नव्हता, धड तिकडचा नव्हता. भाव मात्र त्याला खालच्या मजल्याचाच लावला होता.

एवढ्यावर प्रकरण नेहमीचेच ठरले असते. पण मी माळ्यावर असताना पावसाची जोरदार सर आली आणि कौलांखाली लावलेल्या जिप्समच्या छतावर एक पिवळट डाग माझ्या डोळ्यांदेखत गडद होऊ लागला. मी मालकांना एक पट्टी काढायला लावली. आत दोन वासे ओलसर होते, एका रिपेला वाळवी लागली होती, आणि छत बसवल्यापासून कौले कोणी परतलेली दिसत नव्हती. कोकणात कौलारू घर घेणारा माणूस पावसाळ्याआधीची शाकारणी, म्हणजे कौले परतून छपराची डागडुजी, गृहीत धरतो. ती करायला कौलांपर्यंत पोचण्याची वाटच या नूतनीकरणाने बंद केली होती.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर अजून लेथ चालवणारे मालकांचे थोरले बंधू वर आले. “वरसून पाणी इलां की भिजता ता माझां लाकूड,” ते म्हणाले, “ह्यां छप्पर उद्या कोणाचां?” मी खरेदीखताचा मसुदा पुन्हा वाचला. त्यात जिना होता, नळाची जोडणी होती, दुचाकी लावण्याची जागाही होती. छपराबद्दल एक ओळ नव्हती. स्लॅबच्या इमारतीत गच्ची सामाईक असते आणि तिची दुरुस्ती सोसायटी बघते. इथे सोसायटी नव्हती, कोणता भाग कोणाचा आणि कोणता सामाईक हे सांगणारे, १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचे घोषणापत्र नव्हते, आणि मिळकत पत्रिकेवर दोघा भावांची नावे एकत्र होती.

मी अहवालात माळा साठवणुकीची जागा धरून मूल्य उतरवले आणि घोषणापत्र व वापरबदल झाल्याखेरीज कर्ज देऊ नये, असे लिहिले. मालक रागावले. त्या तरुणीने मात्र माझ्याशी किंमतीबद्दल फारसे न बोलता थोरल्या बंधूंना विचारले, “काका, शाकारणीला खर्च किती येतो आणि माणसे कुठून मिळतात?” माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत व्यवहारी प्रश्न तोच होता.

दिवाळीनंतर घोषणापत्र नोंदले गेले. त्यात छप्पर सामाईक ठरले, शाकारणीचे दोन वाटे वरच्या मजल्याने आणि एक वाटा खालच्याने द्यायचा असे लिहिले गेले, आणि जिप्समच्या छतात माणूस जाईल एवढी झडप ठेवण्याची अट घातली गेली. वापरबदलही झाला आणि किंमत बरीच खाली आली. दुसऱ्या अहवालातही मी माळ्याला साठवणुकीचीच जागा म्हटले. या वेळी त्यावर कोणी हरकत घेतली नाही.