हेडफोन अँप्लिफायरची निवड आणि खोट्या ट्रान्झिस्टरांचे सात आठवडे

माझ्याकडे सेनहायजरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन आहे. त्याच्यासाठी अँप्लिफायर स्वतःच बांधायचा, हे ठरल्यापासून तो प्रत्यक्ष वाजेपर्यंत बरेच दिवस गेले. मात्र त्यातले बहुतेक दिवस बांधणीत गेले नाहीत, तर एका ट्रान्झिस्टरचा खरेखोटेपणा सिद्ध करण्यात गेले. तो राग अजून ओसरलेला नाही, आणि जे मला उशिरा समजले ते दुसऱ्या कोणाला वेळेवर समजावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

सुरुवात मी कागदावर केली आणि ते योग्यच झाले. या हेडफोनला १ व्होल्ट दिला की तो ९७ डेसिबल आवाज देतो. संगीतातल्या क्षणिक चढांसाठी ११० डेसिबलपर्यंत वाव ठेवायचा, तर जवळपास साडेचार व्होल्ट आरएमएस (सतत बदलणाऱ्या व्होल्टेजचे प्रभावी मूल्य) लागतात आणि करंट अवघा १५ मिलिअँपिअर. या एका आकड्याने निवडीचे अर्धे काम झाले. डबीत मावणारा, एका ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ‘सीमॉय’ हा प्रकल्प शिकण्यासाठी फार चांगला आहे. परंतु साडेचार व्होल्ट आरएमएस म्हणजे वरच्या शिखरापासून खालच्या शिखरापर्यंत सुमारे साडेबारा व्होल्ट, आणि ते ९ व्होल्टच्या बॅटरीतून निघणे शक्यच नाही. याउलट एखादा ५० ओहमचा प्लॅनर (पातळ, सपाट पडद्याचा) हेडफोन घेतला, ज्याची संवेदनशीलता १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबल एवढी कमी आहे, तर त्यालाही तेवढ्याच आवाजासाठी व्होल्ट साधारण तितकेच लागतात, पण करंट सहापटीने वाढून ९५ मिलिअँपिअरच्या घरात जातो. म्हणून ‘कोणता अँप्लिफायर चांगला’ हा प्रश्न हेडफोनचे आकडे समोर ठेवल्याशिवाय विचारू नये, असे माझे ठाम मत आहे.

व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा), आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला अँप्लिफायरही मी विचारात घेतला होता. त्या प्रकारात आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या करंटला आउटपुटचा स्वतःचा होणारा अडथळा, १०० ओहमच्या पुढे असू शकतो. एचडी ६०० चा इम्पिडन्स खालच्या स्वरांत, १०० हर्ट्झच्या आसपास, सुमारे ५०० ओहमपर्यंत चढतो. त्यामुळे १२० ओहमच्या आउटपुटवर त्या भागातला आवाज जवळजवळ १ डेसिबलने वर येतो. काहींना तो भरदार आवाज आवडतो आणि त्यात गैर काही नाही, परंतु मला हेडफोन जसा आहे तसाच ऐकायचा होता. शिवाय पहिल्याच बांधणीत शंभराहून अधिक व्होल्ट डीसी हाताळायची माझी तयारी नव्हती.

यानंतर मी चुकीचे वळण घेतले. ऑप-अँप, म्हणजे अँप्लिफायरची तयार चिप, न वापरता पूर्णपणे सुट्या ट्रान्झिस्टरांवर उभी असलेली एक नावाजलेली रचना मी निवडली. तिच्या इनपुटला तोशिबाचे २एसके१७० आणि त्याचे जोडीदार २एसजे७४ हे जेफेट (गेट या पायावरच्या व्होल्टेजने करंट कमीजास्त करणारे ट्रान्झिस्टर) होते. रचना खरोखरच सुंदर आहे. सर्किटचा आराखडा मी कित्येक संध्याकाळी नुसता वाचत बसले होते. मात्र तोशिबाने या दोन्ही भागांचे उत्पादन केव्हाच बंद केलेले आहे आणि बाजारात त्यांच्या नावाने जे विकले जाते त्यात खोटा माल फार आहे, ही गोष्ट मी पीसीबी (भाग बसवायचे छापील पटल) मागवून झाल्यावर तपासली. ती आधी तपासायला हवी होती.

जोड्या जुळवता याव्यात म्हणून मी दोन्ही प्रकारचे वीस-वीस नग मागवले. जेफेटच्या तीन पायांपैकी गेट आणि सोर्स एकत्र जोडायचे, तिसऱ्याला म्हणजे ड्रेनला १० व्होल्ट द्यायचे आणि करंट मोजायचा, ही नेहमीची चाचणी केली. डेटाशीटप्रमाणे, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे, ‘जीआर’ या प्रतवारीच्या गटात हा करंट २.६ ते ६.५ मिलिअँपिअर यांमध्ये कुठेही असू शकतो; माझे वीसच्या वीस नग ४ मिलिअँपिअरच्या अगदी लगत आले. जुळवणी करावीच लागणार नाही, याचा मला आनंद झाला. वास्तविक तिथेच संशय यायला हवा होता.

एक चॅनल पूर्ण झाल्यावर आउटपुटला, जिथे डीसी जवळपास शून्य असायला हवा, १८० मिलिव्होल्ट डीसी दिसू लागले आणि ते कशानेही कमी होईना. सोल्डर पुन्हा तपासले, रोध एकेक करून मोजले, बायस (ट्रान्झिस्टरांतून सतत वाहणारा ठरावीक करंट) नव्याने लावला. या शोधात दहा दिवस गेले. शेवटी मी जेफेट काढून वेगळी चाचणी केली, आणि जुने जेफेट घेणाऱ्या प्रत्येकाने ती सोल्डरिंग सुरू करण्याआधी करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. दीड व्होल्टच्या सेलला १४ किलोओहम आणि १ किलोओहम असे दोन रोध एकापुढे एक जोडले की लहान रोधावर ०.१ व्होल्ट मिळतो. २एसके१७० च्या गेटला तो उलट दिशेने, म्हणजे सोर्सच्या तुलनेत ऋण, द्यायचा. खऱ्या नगाचे ट्रान्सकंडक्टन्स (गेटच्या व्होल्टेजने करंट किती बदलतो ते माप) २२ मिलिसीमेन्सच्या आसपास असल्यामुळे एवढ्याशा व्होल्टेजनेही ४ मिलिअँपिअरचा करंट निम्म्याच्या आसपास उतरतो. माझ्याकडचा ३.६ वर थांबला. वीसही नग तसेच निघाले. कोणत्या तरी सामान्य जेफेटवर वेगळे नाव छापून ते विकलेले होते.

विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार हा या सगळ्यातला सर्वांत त्रासदायक भाग. परतीच्या अर्जात कारणासाठी तीनच पर्याय होते: माल फुटलेला, माल कमी आलेला आणि चुकीचा माल. मी तिसरा निवडला, तर उत्तर आले की पाठीवरचा क्रमांक मागणीप्रमाणेच आहे. मी दोन्ही चाचण्यांची मोजमापे पाठवली, तर उत्तर आले की करंट डेटाशीटच्या मर्यादेत बसतो, म्हणून माल योग्य आहे. ट्रान्सकंडक्टन्सचा आकडाही त्याच डेटाशीटमध्ये आहे, हे मी तीन वेळा लिहिले. तीनही वेळा वेगळ्या व्यक्तीने तेच उत्तर पाठवले आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरायला सांगितला. सातव्या आठवड्यात अर्धी रक्कम परत आली. ज्या चाचणीला दोन रोध, एक सेल आणि एक मल्टीमीटर पुरतो, ती माल विकणाऱ्याने स्वतः करू नये, हे मला आजही पटत नाही. असा माल घेणे भागच असेल, तर आधी दोन-तीनच नग मागवावेत आणि पाकीट उघडताना, मोजताना छायाचित्रे काढून ठेवावीत. माझी अर्धी रक्कम तरी त्या छायाचित्रांमुळेच परत आली. लिनियर सिस्टिम्स ही कंपनी एलएसके१७० आणि एलएसजे७४ हे पर्यायी भाग आजही बनवते, तेव्हा सुट्या जेफेटची रचनाच हवी असेल तर तो मार्ग मोकळा आहे.

माझा धीर मात्र तोवर संपला होता. मी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ऑब्जेक्टिव्ह २’ ही ऑप-अँपवरची रचना घेतली, आणि या वेळी भागांची संपूर्ण यादी अधिकृत वितरकांकडे उपलब्ध आहे याची खात्री करूनच पीसीबी मागवला. तिच्या आउटपुटला एनजेएम४५५६ए हा ऑप-अँप आहे. प्रत्येक चॅनलला त्याचे दोन भाग समांतर जोडलेले असल्याने माझ्या हेडफोनच्या १५ मिलिअँपिअरला तो सहज पुरून उरतो आणि आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्याही खाली राहतो. बांधणी दोन दिवसांत झाली. हेडफोन लावण्याआधी दोन्ही चॅनलचे ऑफसेट (आउटपुटवरचा नको असलेला डीसी) मोजले, ते ४ मिलिव्होल्टच्या आत होते, आणि पहिली दहा मिनिटे जुन्या स्वस्त इअरफोनवरच ऐकले. ती दहा मिनिटे संपल्यावर एचडी ६०० लावला तेव्हा मला जे समाधान मिळाले, ते मी विसरणार नाही.

या रचनेबाबत दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तिचा अडॅप्टर एसी आउटपुटचा लागतो, कारण त्याच एका एसीपासून पटलावर धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे तयार होतात. बहुतेक अडॅप्टर डीसी देतात, म्हणून त्यावरचा मजकूर नीट वाचूनच घ्यावा. दुसरी गोष्ट गेनची, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा त्याची. आवाजाचे बटण गेनच्या टप्प्यानंतर येते, त्यामुळे २ व्होल्ट देणाऱ्या डॅकला (डिजिटल संगीताचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या यंत्राला) ६.५ पट गेन लावला तर १३ व्होल्ट आरएमएस मागितले जातात, जे धन १२ आणि ऋण १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून निघू शकत नाहीत, आणि बटण कितीही खाली ठेवले तरी आवाज फाटतो. मला साडेचार व्होल्ट हवे होते, त्यासाठी २.५ पट गेन पुरला, आणि दुसऱ्या गेनचे रोध मी अजून बसवलेलेच नाहीत.