मोत्या पुन्हा घरात शू करायला लागला तेव्हा

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली सकाळ. आमचा कुत्रा मोत्या गोधडीवरून उठला, आळस दिला, हॉलच्या मधोमध जाऊन बसला आणि त्याने शू केली. त्याआधीचे 35 दिवस घरात एकदाही झाली नव्हती. माझा मुलगा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज एक हिरवं टिंब काढायचा, म्हणून आकडा पक्का माहीत आहे. त्या दिवशी टिंब नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यात पाच वेळा झालं.

मोत्या देशी आहे. मार्चमध्ये सात आठवड्यांचा असताना आमच्याकडे आला. पुण्यात सिंहगड रोडला आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घरात मी, नवरा, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. लसी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नव्हतं, म्हणून मेच्या मध्यापर्यंत गॅलरीत वर्तमानपत्र अंथरायचं आणि मग बिल्डिंगमागच्या गवतावर, असा आमचा क्रम. त्याला ते पटकन जमलं होतं.

आता जे लिहिते आहे ते लिहायला जड जातंय. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यावर ओरडले. मानेला धरून शूजवळ नेलं, बोट दाखवलं, "काय केलंस हे?" लहानपणी आमच्या वाड्यात सगळे असंच करायचे. तो कान मागे टाकून खाली वाकला आणि मला वाटलं, त्याला कळलं.

त्यानंतर दोन दिवस फरशी कोरडी. तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये वास यायला लागला. दिवाण सरकवला तर मागच्या पायाशी पिवळट डाग, एकावर एक वाळलेले. लाकूड खालून फुगलं होतं. तो माझ्यापासून लपून शू करायला शिकला होता. आणि खाली पट्ट्याला धरून नेलं की 20-20 मिनिटं नुसता उभा राहायचा, कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी असायचे. मी तिथेच फरशीवर बसून रडले. पाच महिन्यांचं पिल्लू, आणि त्याला मी काय शिकवलं तर माझ्यासमोर शू करणं धोक्याचं आहे.

डॉक्टरांकडे खरं तर पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं. त्यांनी आधी विचारलं ते एवढंच: थोडी थोडी, वारंवार होते का? तिथे चाटत बसतो का? दोन्हीचं उत्तर हो होतं. लघवीचा नमुना आणायला सांगितला. सकाळची पहिली, धुतलेल्या कोरड्या भांड्यात. मोत्या बसला की पोटाखाली जेमतेम चार बोटं जागा राहते, वाटी जात नाही. शेवटी आमटीचा जुना लांब दांड्याचा डाव उकळून घेतला आणि नवऱ्याने तो मागून हळूच सरकवला. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. नर पिल्लांत हा माद्यांपेक्षा कमी आढळतो, पण आढळतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी औषध दिलं आणि बजावलं, दोन दिवसांत बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायचा.

म्हणजे ज्याला शू धरवतच नव्हती त्याला मी रागावले होते. तुमचं पिल्लू छान शिकून मग अचानक बिघडलं, तर आधी लघवी तपासून घ्या. बाकी सगळं नंतर.

औषधाने निम्माच प्रश्न सुटला, कारण उरलेला निम्मा पावसाचा होता. मे महिन्यात कोरड्या गवतावर शिकलेल्या पिल्लाला जुलैतलं गवत ओळखीचंच वाटत नव्हतं. पोटाला ओलं लागलं की शेपूट आत घालून लिफ्टकडे ओढायचा आणि वर येऊन हॉलमध्ये मोकळा व्हायचा. वॉचमनकाकांना विचारून स्कूटरच्या शेडखाली कोपऱ्यात एक घमेलं ठेवलं, त्यात माती आणि मुळासकट उपटलेलं गवत. घरात त्याची शू पुसलेलं फडकं एकदा त्या मातीवर दाबून ठेवलं, की वासाने जागा कळावी. चौथ्या दिवशी तो स्वतःहून घमेल्याशी गेला. मी जागच्या जागी उकडलेल्या चिकनचा तुकडा दिला. हे लगेच द्यावं लागतं. वर घरी येऊन दिलं तर त्याच्या लेखी ते लिफ्टमधून वर आल्याचं बक्षीस होतं.

फिनेलचंही तेच. मावशी रोज फिनेलने लादी पुसायच्या, आम्हाला घर स्वच्छ वाटायचं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींहून जास्त. आपल्यापुरता वास झाकला गेला तरी त्याच्यासाठी ती जागा अजून मोरीच असते. शिवाय लादी चाटणाऱ्या पिल्लाच्या पोटात फिनेल जाणं बरं नाही. आता आधी फडक्याने टिपून घेतो आणि पिल्लांच्या शूसाठी मिळणारा, वास नुसता न झाकता मुळातून मोडणारा एन्झाइमचा स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवतो. दिवाणामागे तो तीनदा मारावा लागला.

आणि आम्ही त्याला परत नऊ आठवड्यांचा धरला. झोपेतून उठला की खाली, जेवण झालं की खाली, खेळ संपला की खाली, मध्ये दर दोन तासांनी. जितके महिने त्यात एक मिळवून तेवढे तास पिल्लू धरू शकतं असा एक ढोबळ हिशोब आहे, पण ती जास्तीत जास्त मर्यादा झाली, रोजचं वेळापत्रक नव्हे. मी घरून काम करताना त्याचा पट्टा माझ्या कमरेला बांधलेला असायचा. घरात शू झाली की मुलाने वहीत वेळ लिहिली, आणि दहा दिवसांनी त्यानेच दाखवलं, "आई, बघ, सगळ्या वेळा संध्याकाळी सहा ते आठमध्येच आहेत." ती आमची स्वयंपाकाची, अभ्यासाची वेळ. कुणाचंच लक्ष नसायचं. आता पावणेसहाला आणि सातला नवरा किंवा मी, एकजण सगळं सोडून खाली जातो.

ऑगस्टमध्ये त्याने पहिल्यांदा पाय वर केला, तोही गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीवर. सासूबाई समोरच उभ्या होत्या. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी कुंडी बाहेरून धुतली, वरची माती बदलली आणि तुळस उचलून ग्रिलजवळच्या स्टुलावर ठेवली. "वयात येतोय तो," म्हणाल्या. "त्याला कळेपर्यंत तुळस वर राहील." या महिन्यांत मला कुणी सर्वात जास्त धीर दिला असेल तर त्यांनी.

या खुणा म्हणजे शू लागलेली नसते. उभ्या वस्तूवर चार थेंब, आपला वास ठेवायला. नसबंदीने बऱ्याच नरांमध्ये त्या कमी होतात, पण सवय मुरली तर नंतरही राहू शकते असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरवलंय. तोवर गॅलरीचं दार बंद, आणि पाय उचलायच्या बेतात दिसला की नुसतं "मोत्या, चल" म्हणून खाली.

कॅलेंडरवर आज 19 वं टिंब आहे. तुळस अजून स्टुलावरच आहे. बाहेर पाऊस लागलाय, साडेदहा वाजत आलेत, आणि तो दारापाशी जाऊन माझ्याकडे बघतोय. छत्री घेते.