चहा न आवडणारा माणूस

सोलसला चहा आवडत नाही. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' या गेममध्ये एकदा तो कप ओठाला लावतो, तोंड वाकडं करतो आणि सांगतो की हा प्रकार मला मुळीच सोसत नाही, पण डोक्यातली स्वप्नं झटकायची आहेत म्हणून घेतोय. आमच्या घरी एवढ्यावरच माणूस संशयित ठरला असता. मी मात्र विरघळले.

बायोवेअरचा हा गेम २०१४ चा. सोलस त्यातला टकला, हळू आवाजात बोलणारा जादूगार. एल्फ, म्हणजे त्या जगातले टोकदार कानांचे लोक, ज्याला दगाबाज देव मानतात तो फेनहॅरेल हाच, हे अगदी शेवटी कळतं. जुलमी देवांना कोंडायला यानं कधीकाळी आपलं जग आणि स्वप्नांचं जग यांच्यात पडदा उभा केला आणि त्यापायी त्याचीच माणसं अमरत्वाला मुकली. आता त्याला तो पडदा फाडायचाय. आजचं जग त्यात होरपळलं तर होरपळलं.

माझा आतेभाऊही हा गेम खेळला, पण बुटका ड्वार्फ होऊन. सोलसच्या प्रेमात पडायची सोय फक्त एल्फ नायिकेला, म्हणजे माझ्यासारखीला, त्यामुळे भावाच्या लेखी तो ऑफिसातला एक हुशार, आतल्या गाठीचा सहकारी. आमचं भांडण तिथूनच सुरू होतं. एका गणपतीत मोदक वळता वळता तो म्हणाला, "अगं, हजारो माणसं मरणार आहेत!"

"मरणार आहेत रे, पण मला आधी सांगायला नको?"

आत्याच्या हातातली पारी फाटली.

बोलून गेल्यावर माझं मलाच कळलं, जगबुडीचं मला फारसं काही वाटलेलंच नव्हतं. माझा राग गेममधल्या क्रेस्टवूड नावाच्या भागातल्या त्या रात्रीवर. सोलस माझ्या नायिकेला धबधब्याजवळ घेऊन जातो. तिच्या चेहऱ्यावर गोंदण आहे, आपल्या देवांच्या नावाचं म्हणून अभिमानानं मिरवलेलं. तो सांगतो, ही गुलामांवरची खूण आहे, हवं तर पुसतो. माझी नायिका हो म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून त्यानं हात फिरवला, गोंदण गेलं, चेहरा कोरा. मग हा गृहस्थ तिचं चुंबन घेतो आणि तिथल्या तिथे नातं तोडून चालू लागतो. खरं सांगायला आणलं होतं, ऐनवेळी कच खाल्ली. मी लॅपटॉप मिटला, भात लावला, पुन्हा उघडला. ती तिथंच उभी होती.

२०१५ च्या 'ट्रेसपासर' या पुढच्या भागात तो सगळं कबूल करतो. तिच्या डाव्या हातातली जादू तिच्या जिवावर उठलेली असते, म्हणून तिला वाचवायला तो हातच काढून घेतो. लोक लग्नासाठी हात मागतात, यानं खरोखर नेला. त्यावर आम्हाला पर्याय दोन: त्याला सुधारायचं, नाहीतर वाटेल ते करून थांबवायचं. भावानं थांबवायची शपथ घेतली. मी कुठली घेतली ते सांगायला नको.

पुढचा 'द व्हेलगार्ड' यायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. नऊ वर्षांत माझे दोन लॅपटॉप गेले, भावाचं लग्न झालं. शेवटी माझी नायिका त्याच्यासोबत प्रायश्चित्ताला निघून गेली. रात्री दीड वाजता भावाचा फोन.

"गेलीस ना त्या टकल्याबरोबर?"

"गेले."

"हात तरी परत दिला का त्यानं?"

नव्हता दिला.