चांदी खरी, साल खोटे: १९३९ च्या रुपयाचा माझा अनुभव

“आपण सादर केलेल्या अहवालानुसार नाण्यातील चांदी योग्य प्रतीची असल्याचे सिद्ध होत असल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.” ऑनलाइन लिलाव चालवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागाने मला पाठवलेले हे वाक्य आज कित्येक महिन्यांनंतरही तोंडपाठ आहे, आणि त्यातला एकही शब्द खोटा नाही हेच त्यातले सर्वांत चीड आणणारे आहे. नाण्यातली चांदी खरोखरच चांगली होती. खोटे होते ते त्यावरचे साल, आणि तेही पूर्ण नव्हे, त्याचा शेवटचा एक आकडा.

ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयांचा मला जुना नाद आहे. हा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम; आमच्याकडे आजी हळद-केशराचे वजनसुद्धा ‘रुपयाभार’ असेच सांगत असे. सहाव्या जॉर्जच्या रुपयांपैकी १९३८ आणि १९३९ या सालांचे रुपये जुन्या ९१.७ टक्के चांदीचे आहेत. १९४० पासून सरकारने चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले. त्या सुमारास जुने चांगले रुपये लोकांनी दाबून ठेवले आणि सरकारनेही परत ओढून घेतले. १९३८ चा रुपया आजही कोणत्याही व्यापाऱ्याकडे मिळतो, १९३९ चा मात्र क्वचितच दृष्टीस पडतो आणि त्याची किंमत १९३८ च्या तुलनेत अनेक पटींनी जास्त असते. म्हणजे खोटेपणा करणाऱ्याला नवे नाणे पाडण्याची गरजच उरत नाही. हातात १९३८ चा अस्सल रुपया, एक बारीक कोरणी आणि स्थिर हात असला की काम भागते.

हे सगळे मला ठाऊक होते. तरीही रात्री साडेअकराला, लिलावाची शेवटची दोन मिनिटे उरलेली असताना, मी २६,००० रुपयांची बोली लावली आणि नाणे मला सुटले. त्यावर कंपनीचे दहा टक्के कमिशन २,६०० रुपये, कमिशनवरचा जीएसटी ४६८ आणि टपालखर्च १५०. इतके दुर्मिळ नाणे इतक्या कमी किमतीत का सुटत आहे, हा प्रश्न त्या रात्री मला पडला नाही. उलट इतर बोलीवाले झोपले असावेत, असा माझा समज झाला. वर्णनात ‘दुर्मिळ, अस्सल असल्याची हमी’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘स्थिती फोटोत दिसते तशी’. राजाच्या मुखवट्याचा फोटो मोठा आणि लख्ख, मागच्या बाजूचा मात्र लहान आणि नेमकी सालावर दिव्याची चमक पडलेली. असा फोटो असेल तर बोली लावण्याआधी विक्रेत्याकडे सालाचा जवळून काढलेला दुसरा फोटो मागावा, आणि तो मिळाला नाही तर ते नाणे सोडून द्यावे. मी मागितला नव्हता.

नाणे गुरुवारी आले आणि पिना मारलेल्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये होते. होल्डरमुळे कड झाकली जाते, म्हणून पिना काढण्यापूर्वी आणि काढताना फोनवर सलग चित्रण करून ठेवावे. माझ्या हातून एवढी एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी नीट झाली. वजन भरले ११.६२ ग्रॅम, जुन्या वापरलेल्या नाण्याला अगदी साजेसे. कडेचे दात एकसारखे. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाच्या कडेला दातांच्या मधून फिरणारी नक्षीची खाच असते, तीही इथे नव्हती, म्हणजे पुढच्या सालाच्या नाण्यावरून केलेली नक्कल नाही. सोनारी काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य केला आणि नाणे दोऱ्याने तळाला टेकणार नाही असे पाण्यात सोडले. काट्याने १.१२ दाखवले, म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. ११.६२ ला १.१२ ने भागले की घनता १०.३७ येते, जुन्या चांदीची सुमारे १०.३ असते, निम्म्या चांदीची साडेनऊच्या आसपास आणि तांबे-निकेलची ८.९. पाटावर टाकून पाहिले तर आवाजही खणखणीत. नाणी ओळखण्याच्या म्हणून ज्या चाचण्या सांगितल्या जातात, त्या सगळ्यांत माझा रुपया पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला.

शंका आली ती तीन दिवसांनी, जवळचा १९३८ चा रुपया शेजारी ठेवला तेव्हा. वेलबुट्टीच्या मधोमध ‘इंडिया’च्या खाली साल असते. १९३९ या आकड्यात नऊ दोनदा येतो, आणि खोटेपणा करणाऱ्याची खरी अडचण हीच असते, कारण पहिला नऊ टाकसाळीचा असतो आणि दुसरा त्याचा स्वतःचा. दहापट भिंगाखाली पहिल्या नऊचे डोके भरदार दिसत होते, तर दुसऱ्याचे लहान आणि किंचित वर सरकलेले. शेजारच्या १९३८ च्या आठचे वरचे वर्तुळ जेवढे होते, नेमके तेवढेच. आठच्या खालच्या वर्तुळाची डावी बाजू जिथे असायला हवी, तिथे पृष्ठभागावर तांदळाच्या कणीएवढा खोलगट भाग होता आणि त्यात समांतर बारीक रेघा होत्या. बाकीच्या नाण्यावर ऐंशी वर्षांची करडी झाक होती, त्या खोलगट भागात मात्र चांदी पांढरी आणि ताजी दिसत होती. उजेड समोरून पाडला की हे काहीच दिसत नाही. नाणे खिडकीशी धरून उजेड आडवा, अगदी कडेने आला की लगेच दिसते.

आता हे कंपनीला कळवायचे एवढेच काम उरले आहे, असे मला वाटले होते.

तक्रारीच्या अर्जात कारण निवडण्यासाठी चार पर्याय होते: वस्तू तुटलेली आहे, वस्तू वेगळीच आली, वस्तू आलीच नाही आणि धातू बनावट आहे. सालाचा आकडा बदलला आहे असा पर्याय नव्हता. आपले नाणे बनावट आहे ना, मग ‘बनावट’ हा शब्द जिथे आहे तोच पर्याय बरा, असा विचार करून मी चौथा पर्याय निवडला. माझी सगळी पुढची फरफट या एका निवडीतून निघाली. ‘वस्तू वेगळीच आली’ हा पर्याय निवडायला हवा होता, कारण मला विकला गेला होता १९३९ चा रुपया आणि माझ्या हातात आला होता १९३८ चा. खाली मोकळ्या चौकटीत मी सालाबद्दल सविस्तर बारा ओळी लिहिल्या होत्या, पण त्या कोणी वाचल्या असतील असे नंतरच्या घडामोडींवरून वाटत नाही.

दोन दिवसांनी उत्तर आले की, धातूविषयीच्या तक्रारीसाठी सात दिवसांच्या आत चाचणी अहवाल सादर करावा. फोन करून मी सांगितले की माझी तक्रार धातूची नाही. पलीकडचा मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, सिस्टिममध्ये धातूच दिसत आहे, आपण अहवाल पाठवा, पुढे टीम बघेल.” मी गावातल्या हॉलमार्क केंद्रात गेलो. तिथल्या माणसाने यंत्रात नाणे ठेवले, मिनिटभरात कागद काढला, चांदी ९१.५ टक्के, आणि आपुलकीने विचारले, “काका, चांदी चांगली आहे, मोडायची आहे का?” तो कागद पाठवू नये एवढी साधी अक्कल त्या क्षणी मला सुचली नाही. मुदत संपायला आली होती, आणि टीम बघेल या आश्वासनावर मी भरवसा ठेवला. टीमने बघितले, आणि तिसऱ्या दिवशी सुरुवातीला दिलेले ते वाक्य पाठवून तक्रार बंद केली. माझ्याच हाताने, माझ्याच खर्चाने, मी विक्रेत्याला पुरावा तयार करून दिला होता.

नवी तक्रार नोंदवायला गेलो, तर त्याच वस्तूवर दुसरी तक्रार नोंदवता येत नाही असा संदेश येऊ लागला. पाच वेळा फोन केला, पाच वेगवेगळ्या मुलांनी पाच वेळा वाट बघायला लावणारे संगीत ऐकवले, आणि प्रत्येकाने शेवटी विचारले की सर, चांदी तर बरोबर आहे ना. सहाव्या वेळी माझा आवाज चढला हे मी मान्य करतो. त्याचा काही उपयोग झाला नाही, आणि त्या मुलाचाही काही दोष नव्हता.

मग जाणकाराचे लेखी मत जोडावे म्हणून एका जुन्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांनी भिंगही मागितले नाही. नाणे उजेडात एकदा तिरके केले आणि म्हणाले, “आठाचा नऊ केलाय.” लेखी द्याल का, असे विचारल्यावर मात्र त्यांनी नाणे माझ्याकडे परत सरकवले. “बघतो, सांगतोही, पण कागदावर सही मागू नका. उद्या त्याच लिलावात मला माल लावायचा आहे.” त्यांच्यावर राग धरता येईना. नाणे तपासून, त्याची प्रत ठरवून डबीत बंद करून देणाऱ्या परदेशी श्रेणी-कंपन्यांकडे पाठवण्याचा विचारही मनात आला होता, पण खर्च आणि वेळ पाहून तो सोडला. त्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेले नाणे विकत घ्यायचे असेल, तर डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातले नाणे ताडून पाहावे, कारण आता डब्यासुद्धा बनावट निघतात.

सुटका झाली ती कायद्याच्या एका कलमामुळे, जे मला पहिल्या दिवशीच माहीत असायला हवे होते. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो, आणि त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन एका महिन्यात तक्रारीचे निवारण करायचे असते. हा पत्ता कंपनीच्या पानाच्या अगदी तळाशी, राखाडी अक्षरांत होता. त्याच दिवशी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक ई-मेलमध्ये घातला. या वेळी मी बारा ओळी लिहिल्या नाहीत. एका पानावर चार फोटो लावले: लिलावातल्या वर्णनाचे छायाचित्र, माझ्या नाण्याचे साल, शेजारी माझ्या १९३८ च्या रुपयाचे साल त्याच उजेडात आणि त्याच अंतरावरून, आणि दोन्ही नऊ मोठे करून एकमेकांशेजारी. खाली तीनच वाक्ये लिहिली. चांदी अस्सल आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. १९३९ म्हणून विकलेले नाणे १९३८ चे आहे. पैसे परत करून नाणे घेऊन जावे.

पोच ४८ तासांऐवजी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, पण या वेळी ‘सालाबाबतची तक्रार’ असे शब्द त्यात होते, आणि ते वाचून मला झालेला आनंद पैसे परत आल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता हे कबूल केले पाहिजे. सव्विसाव्या दिवशी २६,००० रुपये खात्यात जमा झाले. नाणे परत पाठवण्यापूर्वी मी राजाच्या मानेजवळच्या ओरखड्यासह त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले. तेच नाणे नव्या वर्णनासह पुन्हा लिलावात आले, तर ओळखता यावे.

या काळात इतर लिलाव पाहताना ज्या गोष्टी नजरेला आल्या, त्याही इथेच लिहून ठेवतो. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे, हाताने ठसा मारून पाडलेली असते. त्यामुळे तिचा ठसा बहुधा एका बाजूला सरकलेला, ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ यातली अक्षरे अर्धवट, आणि कडेच्या चिरा प्रत्येक नाण्याला निराळ्या असतात. दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या दोन शिवराया एकाच जागी, एकाच आकाराची चीर घेऊन आल्या, तर निदान एक तरी साच्यात ओतलेली आहे असे खुशाल समजावे. सोन्याच्या होनाच्या मुलामा दिलेल्या प्रतिकृती दरवर्षी शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास आठवण म्हणून उघडपणे विकल्या जातात आणि त्यात गैर काही नाही, मात्र त्याच पुढे ‘पूर्वजांच्या पेटीत सापडलेला होन’ म्हणून लिलावात येतात. हनुमान किंवा रामदरबार एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, अर्धा आणा किंवा एक आणा असे लिहिलेली नाणी कंपनीने कधी पाडलीच नव्हती, ते निव्वळ देवळाचे टोकन आहेत. २०१२ चे माता वैष्णोदेवीचे पाच आणि दहा रुपयांचे नाणे लाखाला विकले जाते, असे सांगून कोणी आधी ‘नोंदणी शुल्क’ मागितले, तर फोन ठेवून द्यावा. जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात आपल्या नावाने शुल्क वा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचे निवेदन रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये काढले होते.

राहिले ते कमिशन, त्यावरचा जीएसटी आणि टपाल, मिळून ३,२१८ रुपये. “लिलावाची सेवा आपणास पूर्णपणे पुरवण्यात आली असल्याने कमिशन परत करता येत नाही,” असे कंपनीने कळवले आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, म्हणून तेवढ्या ३,२१८ रुपयांसाठी मी ऑनलाइन तक्रार दाखल केली आहे. घरात याला सगळे हट्ट म्हणतात. सुनावणीची तारीख लागली आहे, आणि फाइलमध्ये सर्वांत वर मी हॉलमार्क केंद्राचा तोच अहवाल लावला आहे.