अर्धेल आणि अर्धवेळ

२०२४ च्या मार्च महिन्यात द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प मी भर वर्गात तिच्या हाती परत दिला आणि हे लेखन तुझे नाही, असे तिला सांगितले. पुढे कायद्याचे शिक्षण घ्यायचे म्हणून तिने तो मुद्दाम इंग्रजीतून लिहिला होता. मजकूर यंत्राने लिहिला आहे की माणसाने, हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या एका संगणकप्रणालीत मी तो घातला होता आणि त्या प्रणालीने बहुतांश मजकूर यंत्रनिर्मित असल्याचा निर्वाळा दिला होता. मी त्या निर्वाळ्यावर विसंबले. मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने येऊन ती विभागाच्या दाराशी उभी राहिली आणि तिने दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली. प्रकल्पाचा पहिला खर्डा तिच्यात मराठीत होता, त्याखाली इंग्रजी वाक्ये होती, खोडाखोड होती आणि समासात शब्दकोशातून उतरवलेले अर्थ होते. "मॅडम, सगळं मीच लिवलंय," एवढेच ती म्हणाली.

मी तिची क्षमा मागितली, तिच्याकडे आणि नंतर वर्गासमोरही, कारण आरोप वर्गासमोर केला होता. गुण दुरुस्त केले आणि तशी लेखी नोंद विभागात ठेवली. तरीही माझ्या हातून नेमके काय झाले, हे समजून घेणे मला आवश्यक वाटले.

अशा ओळखप्रणाली बहुधा मजकुराचा अंदाज किती सहज बांधता येतो, हे मोजतात. पुढचा शब्द कोणता येणार हे जिथे सहज ओळखता येते, वाक्यांची लांबी फारशी बदलत नाही आणि शब्दसंग्रह मर्यादित असतो, तो मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता अधिक, असे त्यांचे गणित असते. आता आमच्या मुलांचे इंग्रजी पाहा. मराठी माध्यमाच्या शाळेत व्याकरणाच्या पुस्तकावरून शिकलेले, चूक होऊ नये म्हणून जपून लिहिलेले आणि ठरावीक साच्यात बसवलेले असे ते इंग्रजी असते, आणि तो साचा आम्हीच त्यांना दिलेला असतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सात प्रणाली तपासल्या, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींच्या टोफेल परीक्षेतील निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे म्हणून चुकीचे ठरवले होते. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआयने २०२३ च्या जानेवारीत स्वतःची ओळखप्रणाली आणली आणि अचूकता कमी असल्याचे कारण देऊन त्याच वर्षी जुलैमध्ये ती मागे घेतली. तिच्या चाचणीत यंत्राचा केवळ २६ टक्के मजकूर बरोबर ओळखला गेला होता आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरला होता. हे सारे माझ्या चुकीच्या कितीतरी आधी जाहीर झालेले होते आणि मी ते वाचले नव्हते, याचे मला आजही दुःख आहे.

वाङ्मयचौर्य आकड्यावरून पकडण्याची सवय आम्हा शिक्षकांच्या अंगवळणी पडली आहे, हेही यामागचे एक कारण असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साम्याचे टप्पे ठरलेले आहेत : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्यांवर तो वाढत जातो. तिथे आकडा चालतो, कारण ज्या लेखातून उतारा उचलला तो मूळ लेख समोर ठेवता येतो आणि विद्यार्थ्याला त्याचे उत्तरही देता येते. यंत्राने रचलेल्या मजकुराला असे मूळ नसते. आरोप करणाऱ्याच्या हाती केवळ शक्यतेचा आकडा असतो आणि त्या आकड्याचे खंडन करण्याचे कोणतेही साधन विद्यार्थ्याजवळ नसते. त्या मुलीजवळ वही होती. ज्याने थेट मोबाइलवर टंकले असेल त्याने काय दाखवावे?

त्याच वर्गातील काही मुलांनी संपूर्ण प्रकल्प यंत्राकडून लिहवून घेतले होते, ही गोष्टही मी लपवणार नाही. त्यांतले दोन ओळखप्रणालीतून निर्दोष सुटले होते. ते मला ओळखू आले ते त्यांतल्या मजकुरामुळे. विषय होता कोकणातील खोती. एका प्रकल्पात खोत हे कायमधारा पद्धतीतील जमीनदार असल्याचे लिहिले होते. कायमधारा ही जमीनदाराने भरायचा सारा कायमचा ठरवून देणारी १७९३ ची बंगालची व्यवस्था. मुंबई इलाख्यात सर्वसाधारणपणे रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट शेतसारा घेण्याची पद्धत, होती आणि कोकणातली खोती हा तिच्यातला वेगळा प्रकार होता : खोत गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरत असे, आणि या वंशपरंपरेने चालत आलेल्या हक्काला सरकारने १८८० च्या कायद्याने चौकट दिली. दुसऱ्या प्रकल्पात खोतांविरुद्धच्या चरीच्या शेतकरी संपाचा उल्लेखच नव्हता. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि १९३९ पर्यंत चाललेला तो संप, तसेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयक यांच्याशिवाय १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंत कसे पोहोचता येईल? त्या प्रकल्पाच्या तळटिपेत मात्र पुण्याच्या एका प्रकाशनाचे पुस्तक वर्ष आणि पृष्ठक्रमांकासह नमूद होते. मी दोन ग्रंथालयांत ते शोधले. असे पुस्तक अस्तित्वातच नव्हते.

हे असे का घडते, ते मी आता पहिल्याच तासाला सांगते. चॅटजीपीटीसारखी भाषेची प्रारूपे पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधत वाक्य पुरे करतात. ज्या विषयावर भरपूर लिहिले गेले आहे तिथे अंदाज बहुधा सत्याच्या जवळ जातो. जिथे लेखन विरळ आहे तिथेही वाक्य तितकेच सफाईदार येते, फक्त त्यातला मजकूर शेजारच्या, अधिक परिचित विषयातून उचललेला असतो. बंगालच्या जमीनदारीवर इंग्रजीत जेवढे लेखन आहे, त्याच्या तुलनेत रत्नागिरीच्या खोतीवर फारच थोडे आहे. म्हणून आमचा खोत बंगाली जमीनदार झाला. आपल्या गावाचा इतिहास जितका कमी लिहिला गेला आहे तितका तो यंत्राकडून घेताना धोका अधिक, हे मुलांना चटकन पटते, कारण ती चूक त्यांच्या स्वतःच्या गावाची असते.

त्यानंतर मी प्रकल्पाची रीत बदलली. प्रत्येकाने आपल्या वाडीतील सत्तरीच्या पुढच्या एका तरी व्यक्तीशी जमिनीविषयी बोलायचे, घरात जुना सातबारा किंवा साऱ्याची पावती असेल तर पाहायची, ग्रंथालयातील किमान दोन छापील साधने स्वतः उघडायची आणि शेवटी दहा मिनिटे माझ्यासमोर बसून तोंडी उत्तरे द्यायची. साठ मुलांच्या तोंडी परीक्षेला तीन आठवडे लागतात आणि तो वेळ कोणत्याही वेळापत्रकात धरलेला नसतो. तो दिला नाही तर बाकीचे सर्व नियम कागदावरच राहतात, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

याच कामात मला यंत्राची एक वेगळीच बाजू दिसली. एका मुलाने आजीचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आणि एका साधनाकडून ते लिहून काढले. आजी संगमेश्वरी बोलीत सांगत होती की त्यांची जमीन अर्धेल होती, म्हणजे पिकातला निम्मा वाटा खोताकडे जाई. लिहून आलेल्या मजकुरात 'अर्धेल'चे 'अर्धवेळ' झाले होते आणि आजीच्या बोलीची प्रमाण मराठी झाली होती. म्हणजे ज्या एका शब्दात त्या घराच्या दोन पिढ्यांचे कष्ट होते, तोच नाहीसा झाला होता. मुलाने ते वाचून तसेच पुढे दिले होते, कारण 'अर्धेल' हा शब्द त्याने आजीच्या तोंडून प्रथमच ऐकला होता. आम्ही दोघांनी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकत एकेक ओळ दुरुस्त केली आणि त्या दुपारी खोतीविषयी तो जे शिकला ते माझ्या चार तासांत शिकला नसता. साधन वापरण्याला माझी हरकत नव्हती, कारण त्यामुळे मुलाचे टंकनाचे दोन दिवस वाचले. मूळ आवाजाशी ताडून पाहण्याचे काम मात्र त्याचेच होते.

त्या आजीला तिचा आवाज कुठे पाठवला जाणार आहे, हे कोणी विचारले नव्हते. जमिनीच्या गोष्टींत भावकीची भांडणे असतात, चालू खटले असतात, नावे असतात. आता मुले ध्वनिमुद्रणापूर्वीच सांगणाऱ्याच्या भाषेत समजावून परवानगी घेतात, आणि नाव घालू नका असे कोणी म्हटले तर ते बाहेरच्या साधनात जातच नाही. हाच नियम शिक्षकांनाही लागू व्हायला हवा. विद्यार्थ्यांची नावे आणि आसनक्रमांक असलेल्या उत्तरपत्रिका एखाद्या मोफत साधनात घालून गुण काढून घेणे, हे मी होताना पाहिले आहे आणि मला ते गैर वाटते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तो नसता तरी ज्या मुलाने माझ्यासाठी लिहिले ते मी स्वतः वाचणे हे माझे कर्तव्यच आहे.

सरसकट बंदीचा मार्ग मी घेतला नाही. इंग्रजी लेख कळत नसेल तर सोप्या मराठीत समजावून घ्या, आपल्या युक्तिवादावर आक्षेप काढायला सांगा, शुद्धलेखन तपासा, हे मी स्वतः शिकवते. पहिला खर्डा, निष्कर्ष आणि संदर्भ मात्र स्वतःचे असावेत. प्रकल्पाच्या शेवटी एक पान जोडायचे : कोणते साधन वापरले, त्याला काय विचारले, त्याने दिलेल्यातले काय ठेवले आणि काय चुकीचे निघाले. या पानासाठी गुण कापले जात नाहीत. सुरुवातीला मुले हे पान कोरे ठेवत, कारण प्रामाणिकपणाची शिक्षा होईल अशी त्यांना भीती होती, आणि मार्चमधील प्रसंगानंतर ती भीती अनाठायी होती असे मी म्हणू शकत नाही. माझ्या व्याख्यानाच्या टिपणात यंत्राची मदत घेतली असेल तर त्याखाली तसे लिहायला मी सुरुवात केली, तेव्हा हळूहळू ती पाने भरू लागली.

पैसे भरून घेतलेली साधने एखाद-दुसऱ्या मुलाकडेच असतात आणि पावसाळ्यात खाडीपलीकडच्या वाड्यांत वीज व नेटवर्क दोन्ही जातात. त्यामुळे साधनावाचून पुरे करता येणार नाही असे कोणतेही काम मी देत नाही.

यंदा आमच्या विभागाने यंत्राच्या वापराविषयी दोन पानी मराठी मसुदा केला आहे. केवळ ओळखप्रणालीच्या आकड्यावरून कोणावरही कारवाई करू नये, विद्यार्थ्याचे म्हणणे आधी एकांतात ऐकावे आणि खर्डे पाहावेत, हे त्यातले पहिले कलम मी लिहिले. शिक्षकांनीही वापराचे पान जोडावे या चौथ्या कलमावर अजून एकमत झालेले नाही. जूनमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी त्यावर पुन्हा बैठक आहे. मी तिथे ती दोनशे पानी वही घेऊन जाणार आहे. तशी परवानगी त्या मुलीने मला दिली आहे.