झाकणावर निखारे : कॅपिटॉल रीफमधल्या तीन रात्री

आमच्या गॅरेजमध्ये गेली चार वर्षं बिडाचं एक भांडं धूळ खात पडलं होतं. नवऱ्याने सेलमध्ये घेतलेलं. वजन साधारण नऊ किलो, खाली तीन पाय, आणि वर जाड सपाट झाकण, त्याला कडेने उभी किनार. पाय असल्यामुळे घरातल्या काचेच्या शेगडीवर ते ठेवता येईना आणि वजनामुळे टाकून देण्याचीही हिंमत होईना. याला इथे अमेरिकेत डच ओव्हन म्हणतात. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आणि राज्यफूल ताम्हण, तसं आमच्या युटा राज्याला चक्क राज्यभांडं आहे आणि ते म्हणजे हा डच ओव्हन. १९९७ साली तसा कायदाच झाला. सॉल्ट लेक शहराजवळ नऊ वर्षं राहून मी त्यात साधा वरणभातही केला नव्हता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कॅपिटॉल रीफ नॅशनल पार्कमधल्या फ्रूटा कॅम्पग्राउंडला तीन रात्री मिळाल्या, तेव्हा ते भांडं गाडीत चढवलं. सॉल्ट लेकहून गाडीने साधारण चार तास. शेवटच्या टप्प्यात टोरी गाव मागे पडलं की लाल कडे दोन्ही बाजूंनी जवळ यायला लागतात आणि मग त्या लालभडक दगडांच्या मध्येच एक हिरवीगार पट्टी दिसते. फ्रीमाँट नदीच्या काठाने १८८०च्या दशकात मॉर्मन पंथाच्या वसाहतवाल्यांनी लावलेल्या फळबागांची ही परंपरा. आज पार्कचे लोक त्या जपतात. कॅम्पग्राउंड या बागांच्या कुशीतच आहे, एकूण ७१ जागा. हरणं तंबूंमधून अशी फिरतात की जणू आपणच त्यांच्या अंगणात पथारी टाकली आहे.

पहिल्या संध्याकाळी कोंबडीचा रस्सा आणि भात करायचा बेत होता. बरोबर आमची धाकटी आणि नवऱ्याच्या ऑफिसमधलं एक मराठी कुटुंब. मी चुलीच्या हिशोबाने खाली भरपूर कोळसे घातले, वर हौसेपुरते चार. सुकं खोबरं आणि कांद्याचं वाटण घरून भाजून आणलं होतं, वास सुरेख सुटला. वीस मिनिटांनी वहिनी म्हणाल्या, "अहो, हा वास आता वेगळा येतोय." रस्सा खालून लागला होता. तो वाचवायला मी झाकण घाईघाईने उचललं, ते कलंडलं, आणि वरची राख थेट कोंबडीत. त्या रात्री आम्ही भात, लोणचं आणि दही खाल्लं. धाकटीने मात्र राखेची कोंबडी धुऊन खाल्ली, वर म्हणाली, "स्मोकी आहे."

शेजारच्या जागेवर एक आजी-आजोबा होते, युटाचेच. आजोबा बराच वेळ लांबून बघत होते. शेवटी न राहवून आले आणि म्हणाले, कोळसे मोजलेस का? मोजायचे असतात हे मला ठाऊकच नव्हतं.

तर हिशोब असा. लाकडाचे निखारे एकसारखे नसतात, म्हणून दुकानात मिळणाऱ्या कोळशाच्या वड्या, म्हणजे ब्रिकेट्स वापरायच्या. झाकणाचा व्यास इंचात मोजायचा. त्यात तीन मिळवून येतील तेवढ्या वड्या वर, तीन वजा करून राहतील तेवढ्या खाली. आमचं भांडं १२ इंची, म्हणजे वर १५ आणि खाली ९. एवढ्यावर आत साधारण ३५० अंश फॅरनहाइट उष्णता धरते. रस्सा उकळायचा असेल तर जास्त वड्या खाली, भाजायचं असेल तर जास्त वर. खालच्या वड्या मधोमध ढीग करून ठेवायच्या नाहीत, भांड्याच्या कडेच्या आतल्या बाजूने गोल मांडायच्या, नाहीतर मध्यभाग करपतो. दर पंधरा मिनिटांनी भांडं पाव वळण एका दिशेला आणि झाकण पाव वळण उलट दिशेला फिरवायचं, म्हणजे एखादी तापट वडी एकाच जागी जाळत बसत नाही. साधारण पाऊण तासाने वड्या बारीक होतात, म्हणून लांबचा पदार्थ असेल तर पुढची खेप आधीच पेटवून ठेवायची. ब्रिकेट्स पेटवायला पत्र्याची चिमणी, म्हणजे वड्या भरून खालून कागदाने पेटवायचं उभं नळकांडं घ्या, पंधरा-वीस मिनिटांत वड्यांवर पांढरी राख चढते आणि रॉकेलचा वास अन्नाला लागत नाही. झाकण उचलायला लांब दांड्याचा आकडा हवाच. चिमट्याने ते कलंडतं, हे आता मी कुणालाही लेखी देईन.

हे सगळं ऐकताना मला एकदम रत्नागिरीची आमची चूल दिसली. आजी तवसाचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक करायची तेव्हा पितळी पातेल्यावर परात उपडी घालून वर निखारे पसरायची, खाली मंद विस्तव. "वरून-खालून दोन्हीकडून लागायला हवं," म्हणायची. आजोबांचं पंधरा-नऊ म्हणजे तेच, फक्त आजीने कधी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. ज्या बागेवर तोडणीची पाटी असेल तिथेच जायचं. शिडी, पिशवी, वजनकाटा तिथेच असतो आणि पैसे आपले आपण पेटीत टाकायचे. झाडाखाली उभं राहून खाल तेवढं फुकट, बरोबर न्याल त्याचे पैसे. ऑक्टोबरमध्ये सफरचंदं असतात. चेरी जूनमध्ये आणि पीच ऑगस्टच्या आसपास, पण उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने कित्येकदा कोळसाही पेटवायला बंदी असते. म्हणून डच ओव्हनसाठी जायचं तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हाच काळ मला योग्य वाटतो. निघण्याआधी बंदीची ताजी सूचना पार्कच्या वेबसाइटवर बघाच. पार्कमध्ये लाकूड गोळा करायला परवानगी नाही आणि विस्तव फक्त ठरवून दिलेल्या जागीच पेटवायचा.

त्या संध्याकाळी धोंडस केलं. इडली रवा चार वाट्या, तुपात खमंग भाजून घरूनच आणलेला. सहा वाट्या काकडीचा कीस पाण्यासकट, तीन वाट्या गूळ, दोन वाट्या फ्रोजन ओलं खोबरं, वेलची, मीठ, काजू. सगळं मिसळून तासभर मुरवलं, भांड्याला भरपूर तूप लावून ओतलं. वर १६, खाली ८ वड्या. इथे मी थोडी कमी घाई केली असती तर बरं झालं असतं, कारण पस्तीस मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा मध्यभाग अजून ओला होता. पण वरून रंग आला होता, काकडी-गुळाचा वास नदीपर्यंत गेला असावा. झाकण परत ठेवलं, अजून पंधरा मिनिटं. वारा सुटला होता, त्यामुळे वाऱ्याकडच्या वड्या भराभर जळत होत्या. मग कूलरचं झाकण आडवं धरून बसलो. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा घेऊन जा, आमच्यासारखं पाळीपाळीने बसायला लागणार नाही.

खाली लागलं होतं थोडं, पण करपलं नव्हतं. ती खरपूस कड कोणाला मिळणार यावर मुलांची भांडणं झाली.

आजोबांनी त्यांच्या भांड्यातला पीच कॉबलर पाठवला. त्यांची रीत बघून मी थक्क झाले : डब्यातले पीच, वर केकचं कोरडं पीठ, वर लिंबूच्या सोड्याचा एक कॅन, बास. तूप-वेलची काही नाही. तरी तासाभरात खाली जाम आणि वर केक. आम्ही धोंडस दिलं. आजींनी दोन घास खाल्ले आणि कसला केक म्हणून विचारलं. काकडी म्हटल्यावर त्यांनी ताट परत चेहऱ्याजवळ नेऊन नीट बघितलं.

तिसऱ्या दिवशी मिसळ आणि ताजे पाव. उसळ मी घरूनच शिजवून आणली होती. फ्रूटा साडेपाच हजार फुटांच्या आसपास आहे, पाणी लवकर उकळतं पण कमी तापमानाला, त्यामुळे कडधान्य तिथे शिजवत बसलात तर दुपार जाते. आंबट तर्री स्टीलच्या पातेल्यात करा, टोमॅटो-चिंचेने बिडाचा तेलाचा थर उडतो आणि रश्श्याला लोखंडी चव येते. पावाचं पीठ सकाळच्या थंडीत फुगेचना. गाडी उन्हात होती, पीठ पुढच्या सीटवर काचेजवळ ठेवलं, दीड तासात दुप्पट झालं. गोळे भांड्यात जवळजवळ लावून पुन्हा फुगू दिले, वर १६ आणि खाली ८ वड्या, पंचवीस मिनिटं. पाव वरून सोनेरी आणि बाजूने एकमेकांना चिकटलेले निघाले, अगदी लादीसारखे. बेकरी तेरा हजारांहून जास्त किलोमीटर दूर असताना ते तोडून तर्रीत बुडवण्यात जो गर्व आहे, तो मी लपवणार नाही.

काही गोष्टी अशाच सांगून टाकते. गरम बिडावर गार पाणी ओतू नका, तडा जातो. धुताना गरम पाणी आणि काथ्या पुरतो, मग विस्तवावरच कोरडं करून तेलाचा पातळ हात फिरवा. खरकटं उघड्यावर ठेवू नका, हरणं आणि उंदीर दोघंही येतात. नळाचं पाणी मिळतं पण शॉवर नाहीत. फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, पाककृती कागदावर लिहून घ्या. रात्री गार पडतं, गोधडी न्या आणि दिवे लवकर विझवा : हे पार्क गडद आकाशासाठी ओळखलं जातं, आकाशगंगा अंथरुणातून दिसते. मार्च ते ऑक्टोबर जागा आगाऊ आरक्षण करूनच मिळते, आणि ऑक्टोबरचे शनिवार-रविवार झटकन संपतात.

निघताना कोळशांवर पाणी ओतलं, ढवळलं, हात लावून गार झाल्याची खात्री केली. टोरीला रेंज आली तशी आईला फोन लावला. सगळं सांगितलं, मोजणी, वळणं, राज्यभांडं, सगळं. ती ऐकत होती.

"धोंडस खाली लागलं का गं?"

"थोडंसं लागलं."

"मग झालं तर. पुढच्या खेपेला तूप जास्त लाव आणि खालचा विस्तव आधी काढ, वरचा नंतर."

आजोबांनी हे सांगितलं नव्हतं.