दसऱ्याच्या दिवशी मी पोरं मोजत होते

दसऱ्याला सकाळी सातला मोबाईल उघडला तर घरच्या ग्रुपवर बेचाळीस फोटो, आपट्याची पानं, पप्पांच्या गाडीला घातलेला हार, काकूनं केलेल्या पुरणपोळ्या, आणि मी इथं कॉव्हेंट्रीत कोरडी चपाती डब्यात कोंबून बस पकडायच्या गडबडीत, कारण २ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, म्हणजे इंग्लंडात सरकारी पैशावर चालणाऱ्या सगळ्या शाळांचा सेन्ससचा दिवस. सीमोल्लंघन तर आम्ही सीमाभागातली माणसं रोजच करतो म्हणा.

सेन्सस म्हणजे आपली दहा वर्षातनं एकदा होणारी जनगणना नव्हे. इथं शाळांचा सेन्सस वर्षात तीनदा होतो आणि त्या ठरलेल्या दिवशी पटावर कोण आहे ते सॉफ्टवेअरमधनं काढून शिक्षण खात्याला पाठवायचं असतं. त्यातला ऑक्टोबरचा आकडा सगळ्यात जड, कारण पुढच्या वर्षी शाळेला पैसे किती मिळणार ते त्यावर ठरतं. एक पोरगं सुटलं तर हजारो पौंड गेले, त्यामुळं त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कोणी फार हसत नाही.

मी शाळेत काम करते म्हटल्यावर आई सगळ्यांना "मुलगी तिकडं टीचर आहे" असंच सांगते. पप्पांना मी एकदा बसवून नीट सांगितलं, डेटा ऑफिस, हजेरी, रिपोर्ट, सेन्सस वगैरे, तर सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे क्लार्क की." होय, क्लार्कच. खरं इथं क्लार्कला ट्रेनिंग देतात, खुर्ची देतात, दोन स्क्रीन देतात, आणि मधेच उठवून सातवीच्या वर्गावर पाठवत नाहीत.

हजेरीचंच सांगते. दिवसातनं दोनदा घ्यायची, सकाळी आणि दुपारी, आणि प्रत्येकाला कोड. आला तर तिरकी रेघ, उशिरा आला तर एल, आजारी आय, डॉक्टरची अपॉइंटमेंट एम, धार्मिक सणाला आर, आणि परवानगी नसताना फिरायला गेला तर जी. ऑगस्ट २०२४ पासनं ही हजेरी रोजच्या रोज आपोआप शिक्षण खात्याकडं जाते. दहा आठवड्यांच्या आत दहा सत्रं, म्हणजे पाच दिवस, बिनपरवानगी बुडाले की दंडाची गोष्ट निघते, ८० पौंड, २१ दिवसात नाही भरला तर १६०, आणि तो प्रत्येक पालकाला वेगळा आणि प्रत्येक पोरामागं वेगळा. मागच्या वर्षी आपल्याकडचीच एक आई काऊंटरवर आली, दिराचं लग्न, आठ दिवसांची सुट्टी पाहिजे, मला बघून मराठीत म्हणाली, "अहो ताई, तुम्हीच आर टाका की, लग्न म्हणजे धार्मिकच ना." मला हसू आलं आणि वाईटपण वाटलं. जी पडला. आपल्याकडं लग्नाला पोराला शाळा बुडवून न्यायचं नाही हे कुणाला पटेल काय?

इथल्या शाळांत बरीच वर्षं चाललेलं सिम्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते १९८०च्या दशकात बेडफर्डशायरमधल्या एका शिक्षकानं शाळेच्या कामासाठी लिहायला घेतलं आणि पुढं देशभर पसरलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ते ज्याच्या डोक्यातनं निघालं त्यानं वर्गात उभं राहून हजेरी घेतलेली होती. आता दुसरीपण आलीत, आर्बर, ब्रॉमकॉम, सगळं क्लाऊडवर.

तर आता खरी गोष्ट. इथं शाळेच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणांना शाळा चालू असतानाचंच काम असतं, त्यामुळं ऑगस्ट मोकळा, आणि मी पोराला घेऊन गावी आले होते, गणपती बसवून तिसऱ्या दिवशी परत निघाले. माझी अक्का कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत एचएम, म्हणजे मुख्याध्यापिका आहे, जांबोटीच्या पलीकडं जंगलाच्या कडेला, गाव सांगत नाही. सात वर्ग, एकसष्ट पोरं, अक्का धरून तीन शिक्षक. आणि पाऊस म्हणजे काय विचारू नका, कणकुंबीकडचा पाऊस, छत्री घेऊन बाथरूमला जायचं.

पहिल्या दिवशी मी शाळेत गेले तर अक्का वर्गातही नाही, ऑफिसातही नाही. एका पोराला विचारलं, तर म्हणाला, "बाई नेटवर्काला गेल्यात." शाळेच्या मागं चढ आहे, तिथं काजूच्या झाडाखाली दोन दांड्या येतात, अक्का एका हातात छत्री आणि एका हातात मोबाईल घेऊन ओटीपी यायची वाट बघत उभी होती. मी म्हटलं, काय करूलालीस गं इथं? "तुझंच काम करूलालोय," म्हणाली.

आणि खरंच माझंच काम होतं. फक्त मी ते हीटर लावलेल्या खोलीत करते. राज्याचं पोरांच्या नोंदीचं पोर्टल एसएटीएस वेगळं, प्रत्येक पोराचा त्यात नंबर. केंद्राचं देशभरातल्या शाळांच्या माहितीचं पोर्टल यूडायस प्लस वेगळं, त्यात आधी शाळेची माहिती आणि पोरांचे एकूण आकडे भरले की व्हायचं, २०२२-२३ पासनं एकेका पोराची माहिती भरायची, आईचं नाव, आधार, मातृभाषा, उंची, वजन, सगळं. त्यातनं पोराचा पेन नंबर, म्हणजे शिक्षणाचा कायमचा नंबर निघतो, आणि पेन आणि आधार जुळलं की बारा आकडी अपार, म्हणजे विद्यार्थ्याचं देशभर चालणारं ओळखपत्र. एकच पोरगं, नंबर चार. शिवाय दुपारच्या जेवणाचा हिशोब, दूध, पुस्तकं, गणवेश, शिष्यवृत्ती. आणि वरनं फोन, "मॅडम, तुमच्या शाळेचं पर्सेंटेज कमी आहे."

पर्सेंटेज कमी कशामुळं, म्हणजे अपार कमी का निघाले, तर नावांमुळं. चौथीत एक पोरगा आहे, घरात आणि गावात त्याला माऊली म्हणतात, कागदावर ज्ञानेश्वर. आता ज्ञ इंग्रजीत लिहायचा कसा? आपण मराठी माणसं 'द्न्य' म्हणतो म्हणून डी एन वाय. कन्नडात तेच अक्षर इंग्रजीत जे एन होतं, नाहीतर जी एन. माऊलीचा आधार काढला तो महाराष्ट्रात चंदगडला, आजोळी, तिथं डी एन वाय. शाळेत नाव घातलं त्या वर्षी जे गुर्जी होते ते कन्नड माध्यमातनं आलेले, त्यांनी जे एन. जन्मदाखल्यावर जी वाय. म्हणजे दोन राज्यं, एक अक्षर, तीन पोरं. पोर्टल म्हणतं नाव जुळत नाही, आणि पोर्टलचं काय चुकलं, त्याला माऊली कुठं माहितीय.

आडनावाचं आणखी निराळं. आपलं नाव तीन डब्यांची गाडी, स्वतःचं, बापाचं, घराण्याचं. कर्नाटकात बरेच लोक आद्याक्षरं लावतात. एकीकडं मारुती पूर्ण, एकीकडं नुसता एम, एकीकडं आडनाव पुढं. कृष्णाचा क्रिश्ना आणि क्रुष्णा, लक्ष्मी एक्सवाली आणि केएसवाली. अक्काच्या एकसष्ट पोरांत मी बसून मोजले, चौदा जण असे.

मी मग माझा तोरा दाखवला. लॅपटॉप काढला, दोन याद्या उतरवल्या, एक्सेलमध्ये याद्या जुळवायचा व्हीलूकअप लावला, अक्काला म्हटलं, बघ आता दोन मिनिटात काम. नावावर जुळवलं तर चौदा लाल. जन्मतारखेवर जुळवलं तर आणखी घोळ, कारण एका यादीत तारीख आधी, दुसऱ्यात एक्सेलनं महिना आधी धरलेला, आणि वरनं गावातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून! (हसू नका, तुमच्या घरात पण एक जण असेल.) अक्का शेजारी बसून चहा पीत बघत होती, मग तिनं स्क्रीनवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली, हा माऊली, ही दोघी चुलत बहिणी, ह्याचा बाप गोव्याला असतो, ही ती नव्हे, ती पलीकडच्या वाडीतली. पाच मिनिटात चौदाच्या चौदा. तिनं कपाटातनं एक लांब वही काढली, त्यात प्रत्येक पोराच्या ओळीत पेन्सिलीनं सगळी स्पेलिंगं एकाखाली एक लिहिलेली, कुठल्या कागदावर कुठलं ते पण.

म्हणजे सिस्टीम होतीच की. मी फक्त तिची वही एक्सेलमध्ये चढवली, एसएटीएस नंबर पहिल्या रकान्यात, पुढं प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं, आणि शेवटी 'काय बदलायचं, कुठं' एवढा एक रकाना. त्याचा फायदा झाला, खोटं नाही बोलत. एक पोरगी दोन ठिकाणी दिसत होती, अक्काच्या शाळेत आणि आईबाप कामाला गेले तिथल्या गोव्याच्या शाळेत, आणि तिथल्या शाळेनं तिला सोडलं असं दाखवल्याशिवाय अक्काला घेता येत नव्हतं, हे महिनाभर कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं. पेन नंबर राज्य बदललं तरी तोच राहतो ही गोष्ट खरंच चांगली आहे, आधी खानापूरचं पोरगं चंदगडला गेलं की कर्नाटकाच्या एसएटीएसमधनं गायब आणि महाराष्ट्राच्या सरलमध्ये नव्यानं जन्म.

पण इथल्या फॉर्ममध्ये जो एक साधा रकाना आहे तो मला तिकडं फार आठवला. इंग्लंडात शाळेच्या नोंदीत कायदेशीर आडनाव वेगळं आणि 'वापरातलं' आडनाव वेगळं ठेवता येतं, दोन्ही अधिकृत. आमच्याकडं पोलंडची भावंडं आहेत, भाऊ 'स्की' आणि बहीण 'स्का', त्यांच्या भाषेत तसंच असतं, ऑफिसात नवीन आलेली एक बाई ते चुकलंय म्हणून दुरुस्त करायला निघाली होती. मी थांबवलं. तिला वाटलं मला पोलिश येतं. मला पोलिश नाही येत, मी खानापूरची आहे.

मातृभाषेच्या रकान्याचं पण सांगायला पाहिजे. अक्काच्या यादीत सगळ्यांपुढं मराठी होतं, कारण आधी कुणीतरी पहिल्या ओळीत मराठी लिहून वरनं खालपर्यंत ओढलेलं. अक्कानं एकेक करून दुरुस्त केलं, दोन पोरं कन्नड, एक कोकणी. मी म्हटलं, राहू दे की, मराठी शाळाच आहे. तर म्हणाली, "आपल्याला कुणी असं ओढलं की आपण मोर्चा काढतोय, मग?" खेडं घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा, हे सीमालढ्यातले शब्द ऐकतच आम्ही मोठे झालोय, १९५६ पासनं आमचं भांडणच मुळात ह्या एका रकान्याचं आहे. आणि गंमत म्हणजे माझ्याच पोराच्या इथल्या फॉर्मवर 'पहिली भाषा' म्हणून नवऱ्यानं घाईत इंग्लिश लिहिलेलं! पहिली भाषा म्हणजे इथं त्यांनी स्पष्ट लिहिलंय, लहानपणी जी आधी कानावर पडली आणि घरात नाहीतर आपल्या समाजात अजून चालू आहे ती. परत आल्यावर मी त्याच्या शाळेत जाऊन ते बदललं. घरी आम्ही दोघं त्याला रागवतो ती भाषा इंग्लिश नव्हे.

एक गोष्ट मात्र मला तिकडं बघवली नाही, ती म्हणजे पोरांच्या आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. "लवकर पाठवा" असा मेसेज आला की धडाधड, नाव, नंबर, चेहरा. इथं मी छापलेली यादी प्रिंटरवर विसरले तरी मला बोलणी बसतील. आपल्याकडं पण २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, पोरांच्या माहितीला पालकांची संमती पाहिजे असं त्यात आहे. अक्का म्हणाली, कायदा बरोबर आहे, खरं नेटवर्क काजूच्या झाडाखाली येतंय आणि पोर्टल सहा वाजता बंद पडतंय, तू सांग कसं पाठवू. मला सांगता आलं नाही. अपारचा संमतीचा फॉर्म मात्र ती पालकांना वाचून दाखवते, मराठीत, एकेक ओळ, आणि मगच सही नाहीतर अंगठा घेते.

माऊलीच्या बापानं शेवटी आधारच बदलून घ्यायचं ठरवलं, कारण शाळेच्या नोंदीतलं नाव बदलायला जास्त कागद. भाताचं काम सोडून तीन वेळा खानापूरला गेला, एकदा लाईट नव्हती, एकदा माणूस नव्हता, तिसऱ्यांदा झालं. तर आता कागदावर तो जे एन झालाय, आजोळच्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी आमचा सेन्सस दुपारी अडीचला वर गेला, एकही एरर नाही, मॅनेजरनं बिस्किटाचा पुडा फोडला. मी मोबाईल बघितला तर अक्काचा मेसेज. खाली स्क्रीनचा फोटो, माऊलीचा अपार, बारा आकडे, बाजूला त्याचा फोटो, सगळं स्पष्ट. मी सवयीनं आधी इकडंतिकडं बघितलं, फोटो डिलीट केला आणि तिला लिहिलं, अगं असं पाठवू नको, तू पण डिलीट कर.

लगेच उत्तर आलं, "करतोय. आधी बघितलीस काय नाही?"